ओल्या गिलाव्यातली वर्षं

सरांनी माझं मॉडेल टेबलावरून उचललं आणि फरशीवर ठेवलं. मला वाटलं, मागे बसलेल्यांनाही दिसावं म्हणून ठेवतायत. मग त्यांनी त्यावर उजवा पाय ठेवला. बुटासकट.

“बघू या, तुमच्या वस्तीचं स्ट्रक्चर किती लोड घेतं.”

करकर आवाज झाला. आमच्या गल्लीतल्या बावीस खोल्या मी माऊंटबोर्डात कापल्या होत्या. दारं, उंबरे, पत्र्यांचे उतार, सगळं मापात. तीन आठवडे बोटांचा गोंद निघत नव्हता. त्यातल्या नऊ खोल्या एका पावलाखाली गेल्या. वर्ग हसला. सगळा नाही, पण हसला. सरांच्या शेजारी बसलेल्या मॅडम मोबाइलमध्ये बघत राहिल्या.

मी त्या पायाला हात घालून त्या माणसाला उताणा पाडू शकले असते. गवंड्याची पोर आहे मी. सुट्टीत घमेली उचलून माझी मनगटं तयार झालेली आहेत. पण मी काय केलं? खाली बसले. त्यांच्या बुटाजवळचे तुकडे वेचले. आणि वेचता वेचता “सॉरी सर” म्हणाले.

बुटाचं मला एवढं काही वाटत नाही. त्या दोन शब्दांची लाज वाटते. अजून वाटते.

हे सर माझे गाईड होते. आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला प्रबंध लिहावा लागतो आणि गाईडची सही असल्याशिवाय तो कुणी हातात घेत नाही. पहिल्या भेटीत त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. “पूर्ण सांग. आडनाव?” तेही सांगितलं. “गाव?” मंडणगडकडचं. त्यांनी मान हलवली, ओठ मिटून. “अच्छा. म्हणजे कोट्यातून.” मी गुणांच्या यादीत चौथी होते. ते कागदावर होतं, त्यांच्या समोरच. त्यांनी कागद उलटा ठेवला.

आम्ही तुळिंजच्या मागच्या बाजूला राहतो. बैठी चाळ, वर पत्रे, मागे खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी सखल जमीन. चाळ बांधली तेव्हा बाबा एका मुकादमाच्या हाताखाली गवंडी होते. पुढे त्यातलीच एक खोली घेतली. मी तिथेच वाढले.

आमच्याकडे पाणी भरतं. दर पावसाळ्यात घोट्याला, कधी गुडघ्याला. ज्या वर्षी फार भरतं त्या वर्षी पाणी उतरलं की लोक जमिनीवर राबीट टाकतात, म्हणजे तोडलेल्या इमारतींचा मलबा. वर कोबा करतात. जमीन वीतभर वर येते. असं एक-दोनदा झालं की छप्पर डोक्याला लागायला लागतं. मग छप्पर उचलायचा दिवस ठरतो. उन्हाळ्यात, पावसाआधी. सगळी गल्ली येते. पुरुष खांदे लावून लोखंडी अँगल वर रेटतात, बायका दोर धरतात, पोरं टेकू सरकवतात. छप्पर माणसांच्या खांद्यावर असतं आणि बाबा भिंतीवर विटांचे दोन थर चढवत सुटतात. त्या वेळात कुणी जागचं हलायचं नाही. शिंक आली तरी आधी सांगायची. छप्पर टेकलं की त्या घरची बाई सगळ्यांना चहा देते, आणि बाबा नव्या थरावर गिलावा मारून तो ओला असतानाच थापीच्या टोकाने वर्ष लिहितात. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची सवय. गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर अशी तीन-चार वर्षं आहेत, एकावर एक.

मी यावर प्रबंध लिहायचं ठरवलं. वास्तुकलेच्या पुस्तकात घर एकदा बांधून होतं. आमचं घर पंचवीस वर्षं बांधलं जातंय आणि आत माणसं राहतायत. मला ते मोठं वाटलं. अजून वाटतं.

सरांना नाही वाटलं. ते म्हणाले, वसईच्या गावांतली जुनी घरं घे, कौलं आहेत, लाकडी जिने आहेत, त्यात वास्तू आहे. पत्र्याच्या खोलीत काय आहे? गरज आहे. गरज म्हणजे आर्किटेक्चर नव्हे. मी विषय सोडला नाही. म्हणून तो बूट.

मोडलेलं मॉडेल पिशवीत घालून घरी आणलं. आईला सांगितलं, गाडीत गर्दीने चेपलं. बाबांनी ते मांडीवर घेतलं. एक खोली बोटाने सरळ केली, डोळ्यांजवळ नेली. म्हणाले, “ही समोरच्या जनाबाईची ना? हिचा दरवाजा तू उंच घेतलायस.” मी मोजलं. प्रमाणाने खरंच दोन इंच उंच होता. पाच वर्षांत माझ्या कामावर इतकं नेमकं बोलणारा तोच एक माणूस भेटला.

पंधरा दिवसांनी सरांचा फोन. रविवारी राजोडीला ये, सगळ्या शीट घेऊन ये. राजोडीला त्यांचा समुद्राजवळ बंगला आहे, सुट्टीचा. मी गेले. व्हरांड्यात प्लास्टिकची खुर्ची होती, तिथे बसवलं. माझ्याच वर्गातला एक मुलगा आत सोफ्यावर बसून काचेच्या ग्लासातून सरबत पीत होता. मला कागदी कपात पाणी आलं. मी प्यायले. तहान लागली होती.

सर बाहेर आले आणि शीट उलगडल्या. मग एका भिंतीवर बोट ठेवलं. हे आकडे कसले? मी सांगितलं. छप्पर उचलणं, दोन थर, ओला गिलावा, बाबांची थापी. सांगताना मी रंगात आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच.

“व्हेरी गुड. हाच तुझा प्रबंध. प्रत्येक खोलीचा प्रत्येक थर, त्याच्या वर्षासकट. एकही सोडू नकोस. आणि ते चौथं प्रकरण काढून टाक.”

चौथ्या प्रकरणात पाणी होतं. आधी पाणी घोट्याला यायचं. मागच्या खाजणात वर्षानुवर्षं भराव पडत गेला, मग टॉवरचं काम सुरू झालं, तसतसं ते गुडघ्याच्या वर येऊ लागलं. मी भिंतींवरच्या ओलीच्या रेषा मोजल्या होत्या, भरावाची उंचीही मोजली होती. सर म्हणाले, ते राजकारण आहे, आर्किटेक्चर नाही. मी प्रकरण काढलं. हवेत होते मी. व्हेरी गुड म्हणाले होते ना.

पुढचे दोन महिने दारोदार फिरले. कुणी नाही म्हणालं नाही. भांड्यांची मांडणी हलवली, कपाटं पुढे ओढली, कॅलेंडरं काढली, मागची वर्षं दाखवली. जनामावशी आमच्या समोरच्या खोलीत राहायची. माहेरची मिठागरातली, नवरा गेलेला, एकटी. तिने टेपचं दुसरं टोक धरलं. माझ्याबरोबर चार दिवस धरलं, स्वतःचं काम टाकून. “लिव बाय, सगला लिव,” म्हणायची. “पानी कवा आला ता पन लिव.” मी तिला सांगितलं नाही की पाण्याचं मी लिहीत नाहीये.

हाताने काढलेल्या सगळ्या शीट स्कॅन करून सरांना पीडीएफ पाठवली. मूळ फाइलीही मागितल्या, त्याही पाठवल्या.

महापालिकेची नोटीस मार्चमध्ये आली. प्रत्येक दारावर चिकटवली होती. सदर बांधकामे मूळ स्वरूपात अस्तित्वात नसून नंतरच्या काळात नव्याने उभारलेली आहेत, सबब ती संरक्षणास पात्र नाहीत. सोबत नकाशा जोडला होता. कुणीतरी हुशार माणसाने केलेला, नीटनेटका नकाशा. प्रत्येक खोली, प्रत्येक थर, प्रत्येक वर्ष. कोपऱ्यातली माझ्या नावाची चौकट कापून तिथे एका सल्लागार कंपनीचा शिक्का मारलेला. पण अक्षर माझं होतं. सातचा आकडा मी मध्ये रेघ मारून काढते.

मी दारात उभी राहून ते वाचत होते आणि मला हळूहळू कळत गेलं. ठरावीक काळाआधीची जी घरं आहेत, ती सहज पाडता येत नाहीत. पाडली तर बदली घर द्यावं लागतं. आमची चाळ त्याआधीचीच. पण जुन्या भिंती आता कुठे आहेत? भरणी करून करून त्यांचा खालचा भाग जमिनीखाली गेला, वरचा खाऱ्या पाण्याने खाल्ला म्हणून छप्पर उचलताना बदलला. वर दिसतात ते सगळे नंतरचे थर. आणि ते नंतरचे आहेत हे बाबांनी भिंतीवर लिहून ठेवलं होतं, मी कागदावर उतरवलं होतं. ज्या खुणेचा आम्हाला अभिमान होता, तीच उचलून आमच्या तोंडावर मारली.

मागच्या टॉवरच्या कुंपणावर मोठा फलक आहे. मी त्याच्यासमोरून चार वर्षं जातेय. त्या दिवशी जवळ जाऊन खालची बारीक अक्षरं वाचली. सल्लागारांत सरांचं नाव तिसरं होतं.

गल्लीत परत आले तर सगळे बाहेर उभे होते. कुणीतरी अक्षर ओळखलं होतं. जनामावशी पुढे आली आणि तिने माझ्या कानफटात मारली. हात वळवून दुसरी. माझा चष्मा गटारात गेला. “मीच तुला टेप धरून दिली गं,” ती म्हणाली. “आनि तू माजा घर कोनाला दिलास?”

मी हात वर केला नाही. बाबाही मध्ये पडले नाहीत. बरं केलं. ती चापट मला लागायलाच हवी होती.

पाडायला मशीन आलं तेव्हा वकील शोधणं चालूच होतं. सकाळी दहा वाजता, बंदोबस्तासकट. समोरच्या तीन खोल्या आधी. जनामावशी उंबऱ्यात बसून राहिली. दोन महिला पोलिसांनी तिला दंडाला धरून ओढलं, तिच्या बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. पंजा छपरावर पडला. ज्या छपराला बावीस घरांनी खांदा दिला होता ते एका दणक्यात आत गेलं. भिंत कोसळताना बाबांचे आकडे मी एकेक करून जाताना बघितले. बाबा रस्त्यावर उकिडवे बसले होते, दोन्ही हात डोक्यावर.

माझ्या हातात अर्धी वीट होती. कधी उचलली ते आठवत नाही. मी ती सगळ्या ताकदीने फेकली. काच फुटली. ड्रायव्हरच्या कपाळातून रक्ताची धार लागली, त्याच्या एका डोळ्यात गेली. तो खाली उतरला, तिथेच बसला. बाबांच्या वयाचा माणूस. पायात रबरी चप्पल. गळ्यातलं फडकं त्याने कपाळाला लावलं आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला वाटतं त्याला सवय होती.

मारायचं होतं एकाला, लागलं दुसऱ्याला. मी त्या दिवसापासून कुणावर वीट उगारलेली नाही. भीती वाटली म्हणून नाही. नेम चुकला म्हणून. ज्याला मारायचं तो राजोडीला व्हरांड्यात बसला होता आणि त्याच्यापर्यंत वीट पोचत नव्हती.

वीट कुणाची ते पोलिसांना कुणी सांगितलं नाही, त्या ड्रायव्हरनेही नाही. त्या गोंधळात मशीन थांबलं, तेवढ्यात वकील मिळाल्या आणि दुपारी कोर्टाची स्थगिती आली. तीन खोल्या गेल्या, एकोणीस राहिल्या.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा होती. बाहेरचे परीक्षक आले होते, वयस्कर, शांत. सर त्यांच्या शेजारी. मला बघून सर हसले. आदल्या आठवड्यात त्यांनी निरोप पाठवला होता, निकाल लागला की माझ्या ऑफिसात ये, तुझ्यासारखं फील्डवर्क करणारी माणसं लागतात मला. म्हणजे त्यांना खरोखर वाटत होतं की मला कळलेलं नाही. किंवा कळलं तरी मी येईन. दुसरंच असावं.

“हिला मीच घडवली,” ते परीक्षकांना म्हणाले. “रॉ मटेरियल चांगलं होतं.”

मी प्रबंध उघडला. दुसरं पान प्रमाणपत्राचं असतं. सदर प्रबंध माझ्या मार्गदर्शनाखाली पूर्ण झाला, आणि खाली त्यांचं नाव, सही. मी खिशातून कटर काढला, पातं बाहेर सरकवलं. कटर आमच्या प्रत्येकाच्या खिशात असतो. पण खोली एकदम थंड पडली. सरांनी खुर्ची मागे ढकलली, हात छातीपाशी आणले. घाबरले ते. मला ते घाबरणं आवडलं, खोटं कशाला सांगू. दोन क्षण मी त्यांना तसंच घाबरू दिलं. मनात काय काय येऊन गेलं ते मी इथे लिहिणार नाही, पण आलं होतं.

मग मी स्टीलची पट्टी लावली आणि त्यांचं नाव पानातून कापून काढलं. सरळ, चौकोनी. तो तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. शेजारी नोटीस ठेवली.

“हे तुमचं नाव. माझ्या कामात ते राहणार नाही. आणि हा नकाशा माझा आहे. तुम्ही तो चोरलात.”

सर उभे राहिले. आवाज फाटला त्यांचा. सहीशिवाय तू नापास आहेस, कळतंय का, पाच वर्षं पाण्यात जातील. मी म्हणाले, कळतंय. बाहेरच्या परीक्षकांनी नोटीस उचलली, नकाशा वाचला, प्रबंधातली शीट वाचली. दोन्ही शेजारी ठेवून एकेक वर्ष बोटाने जुळवलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्यांनी फॉर्मवर ‘अपूर्ण’ लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

चांगल्या माणसांचं हे असं असतं. मी तिथून निघाले.

आता मी बाबांच्या हाताखाली जाते. कॉलेजने वर्तनाबद्दल पत्र पाठवलंय, मी त्याला तक्रारीने उत्तर दिलंय. त्या तक्रारीचं काय झालं हे कुणी सांगत नाही. चौथं प्रकरण मी पुन्हा लिहून काढलं आहे, पहिल्यापेक्षा मोठं.

कोर्टात आमच्या वकीलबाई चांगल्या आहेत. त्यांनी सांगितलं, जुनी भिंत दाखवावी लागेल. आम्ही आमच्याच खोलीची जमीन फोडली. बाबांनी पहार मारली, मी राबीट उपसलं. पाच भरण्या निघाल्या. त्यांच्याखाली पहिल्या विटा लागल्या, काळ्या पडलेल्या, खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या. मी दिव्याने शोधलं, पण त्यांवर वर्ष नव्हतं. तेव्हा बाबा मुकादमाच्या हाताखाली होते. दुसऱ्याच्या कामावर ते आकडा लिहीत नसत.

मग वकीलबाईंनी वेगळा मार्ग सुचवला. साक्षीला तुलाच उभं करते. तू सांग, वर्षं ऐकीव आहेत, विद्यार्थिनीचा अंदाज होता. नकाशाच खोटा ठरला की त्यांची केस लटकी पडेल. सोपं आहे. बाबा शेजारी बसले होते. ते एवढंच म्हणाले, “आकडे मी घातलेत.” आणि चपला घालून बाहेर गेले.

मी वकीलबाईंना नाही म्हणाले. माझ्या बापाने आयुष्यात एकच गोष्ट लिहिली. ती मी खोटी म्हणणार नाही. घर वाचवायलाही नाही. गल्लीतल्या काहींना हे पटलेलं नाही. जनामावशी तीन घरं पलीकडे भाच्याकडे राहते, माझ्याशी बोलत नाही. तिने बोलू नये. मी तिच्या जागी असते तर मीही बोलले नसते.

तारीख लागली आहे. समोरच्या बाजूने सल्लागार म्हणून सरही येणार आहेत. मला विचारतील, नकाशा तुमचा का? माझा. अक्षर तुमचं का? माझं. वर्षं खरी का? खरी. समोरचा वकील खूश होईल. होऊ दे. मग मी प्रत्येक वर्षापुढे त्या वर्षीचं पाणी सांगणार, आणि पाण्यापुढे भराव सांगणार, आणि टॉवरच्या भरावाच्या नकाशावर सल्लागार म्हणून सही कुणाची ते सांगणार. घर नवं बांधलं नाही, तुम्ही बुडवत गेलात आणि आम्ही उचलत गेलो, हे मी मापासकट मांडणार. मला थांबवतील. मी थांबणार नाही. जनामावशीची खोली माझ्या कागदाने पडली, हे कुणी विचारायच्या आधी मी स्वतः सांगणार, ती समोर बसलेली असताना. त्यानंतर त्या माणसाचं नाव घेणार. मोठ्याने, त्याच्या तोंडावर.